मारबतीच्या गर्दीत फिरता स्क्रीन कसा वापरावा

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात काळी-पिवळी मारबत (मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक) निघते, तेव्हा महाल-इतवारीत डोळ्याला कॅमेरा लावला की समोर फक्त लोकांची डोकी दिसतात. अशा वेळी कॅमेरा डोक्यावर उंच धरून स्क्रीनवर बघत फोटो काढायचा. त्यासाठी कॅमेऱ्याचा फिरता स्क्रीन बाजूला पूर्ण उघडा, मगच खाली वळवा. अर्धवट उघडून पिळला तर बिजागरीवर आणि आतल्या पट्टीसारख्या वायरवर ताण येतो.

लाईव्ह व्ह्यू (समोरचं दृश्य थेट स्क्रीनवर दाखवणारी सोय) सुरू करा, ग्रिड (आडव्या-उभ्या रेषा) आणि लेव्हल (कॅमेरा सरळ आहे का ते दाखवणारी खूण) दाखवायला सांगा. हात वर असताना क्षितिज हमखास तिरकं होतं, आणि ते डोळ्याला कळत नाही. पट्टा मनगटाला गुंडाळा. लांब केलेल्या हातात कॅमेरा हलतो, म्हणून शटरचा वेग १/५०० सेकंदापेक्षा संथ नको. उजेड कमी पडला तर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवा. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही. लेन्स २४ मिमीच्या आसपास (रुंद दृश्य टिपणारी) ठेवली की चौकटीत थोडी चूक खपते.

डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात) लाईव्ह व्ह्यूला फोकस बरेचदा संथ असतो आणि बॅटरीही जास्त खाल्ली जाते. जास्तीची बॅटरी खिशात असू द्या.

उन्हात स्क्रीनवरचा फोटो काळपट दिसतो. त्यावर विसंबून एक्सपोजर वाढवलं की पांढरे सदरे जळतात, म्हणजे तपशील जाऊन नुसते पांढरे डाग उरतात. स्क्रीन सावलीकडे वळवा, हिस्टोग्राम (फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा आलेख) बघा, फोटो मोठा करून फोकस तपासा. बॅगेत ठेवताना काच आतल्या बाजूला वळवून बंद करा, ओरखडे पडत नाहीत.