जुन्या मँचेस्टरच्या गल्लीत कोण राहायचं ते कसं शोधायचं

गिरण्यांचं मँचेस्टर समजून घ्यायचंय ना, मग मालकांच्या चरित्रांपासून सुरुवात नका करू, एक गल्ली पकडा. अँकोट्स या मँचेस्टरच्याच भागातली मिळाली तर उत्तम, तिथे सूतगिरण्या आणि कामगारांची घरं एकमेकांना खेटून होती.

आधी नकाशा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर 1850 च्या आसपासचे ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचे, नकाशे फुकट बघता येतात, स्केल मैलाला 5 फूट, त्यामुळे रस्तेच काय, मागची बोळं, घरांच्या मधोमध कोंडलेली अंगणं, पाण्याचे पंपसुद्धा दिसतात. गल्लीचं नाव लिहून घ्या.

मग जनगणना. ती दर 10 वर्षांनी व्हायची, पण सुरुवातीला 1841 ची नका घेऊ, त्यात मोठ्यांची वयं बहुतेक 5 च्या पटीत कमी करून लिहिलीत आणि जन्मगाव नाहीच. मी म्हणेन 1861 ची घ्या. ती झाली 7 एप्रिलच्या रात्रीची आणि 12 एप्रिलला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मग तिकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या, म्हणजे मँचेस्टरच्या परगण्यातल्या, गिरण्या बंद पडायला लागल्या, लोक उपाशी राहिले. त्या काळात मुंबई बंदरातून जो कापूस गेला, आपल्या खानदेश-वऱ्हाडातला पण, त्याला तिथे सरसकट 'सुरत' म्हणायचे, त्याचा धागा आखूड, सारखा तुटायचा, कामगार वैतागलेले असायचे. म्हणजे 1861 चं ते पान हे सगळं व्हायच्या जस्ट आधीचं आहे.

फाइंडमायपास्ट या जुन्या नोंदींच्या वेबसाइटवर जनगणनेत रस्त्याच्या नावाने शोधता येतं, पैसे पडतात, पण इंग्लंडमधल्या बऱ्याच सार्वजनिक लायब्ररीत जाऊन फुकट बघता येतं. टाइप केलेल्या यादीवर थांबू नका, मूळ पानाची इमेज उघडाच, कारण खरी गंमत तिथल्या तिरक्या रेघांत आहे: नावांच्या कडेला दोन रेघा म्हणजे घर संपलं, एक रेघ म्हणजे त्याच घरातलं एक बिऱ्हाड संपलं. आता मोजा. दोन रेघांच्या आधी तीनदा एकेरी रेघ आली तर एकाच घरात चार चुली! 'लॉजर', म्हणजे पैसे देऊन घरात राहणारे बाहेरचे लोक, किती आहेत तेही बघा, 'सेलर' लिहिलेलं दिसलं तर ते कुटुंब तळघरात राहायचं.

कामाच्या रकान्यात 'पीसर' दिसेल, म्हणजे तुटलेले धागे जोडणारा, बरेचदा पोरंच. बायकांचा रकाना रिकामा असला तरी ती बाई घरात बसून होती असं समजू नका, कपडे धुणं, लॉजर सांभाळणं हे कितीदा लिहिलंच जायचं नाही, याचा मला फार राग येतो.

शेवटी त्यातलं एक पोरगं निवडा आणि 1871 मध्ये शोधा. त्याच पत्त्यावर सापडेलच असं नाही, गरीब कुटुंबं सतत घरं बदलायची, म्हणून भावंडांची नावं आणि जन्मगाव जुळवा. सापडलं की कामाचा रकाना वाचा, अजून गिरणीतच आहे का ते.