गोळ्या घेऊनही जळजळ थांबत नाही? ऑपरेशनच्या आधी हे करा

माझ्या आईने दोन वर्षं पॅन्टोप्राझोल (अ‍ॅसिड कमी करणारी गोळी) घेतली तरी रात्री आंबट पाणी घशाशी यायचंच, आणि मग कळलं की ती गोळी नाश्त्यानंतर घेतेय. ही गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी लागते हो, म्हणून पहिलं काम हेच, वेळ सुधारा आणि 8 आठवडे नेमाने घेऊन बघा. घास अडकतोय, वजन उतरतंय किंवा शी काळी होतेय तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा.

तरी फरक नाही? मग तपासण्या. दुर्बीण नॉर्मल आली म्हणजे रिफ्लक्स (जठरातलं अ‍ॅसिड अन्ननलिकेत वर येणं) नाही असं नसतं, खरं चित्र पीएच टेस्टमध्ये दिसतं. नाकातून अन्ननलिकेत बारीक नळी, कमरेला छोटं यंत्र, 24 तास घरीच, जेवलात, आडवे झालात, जळजळलं की बटण दाबायचं. आई विसरायची म्हणून मी वहीत वेळा लिहून ठेवल्या. त्या दिवशी मुद्दाम पथ्याचं खाऊ नका, रोजचंच जेवा. अ‍ॅसिड 6 टक्क्यांपेक्षा जास्त वेळ, म्हणजे 24 तासांत साधारण दीड तास वर येत असेल तर रिफ्लक्स पक्का, 4 टक्क्यांच्या खाली असेल तर बहुधा दुखणं दुसरंच काहीतरी आहे आणि ऑपरेशनचा सहसा उपयोग नाही. सोबत मॅनोमेट्री करा, त्यात पाण्याचे घोट गिळताना अन्ननलिकेचा जोर मोजतात.

आता उपाय. टिफमध्ये तोंडावाटे जाऊन जठराच्या वरच्या भागाची घडी घालून झडप बनवतात, पोटावर छेद नाही, पण हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) 2 सेंमीपेक्षा मोठा असेल तर नुसतं टिफ पुरत नाही. लिंक्स म्हणजे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती बसवायचं चुंबकाच्या मण्यांचं कडं, अमेरिकेत 2012 ला मंजुरी मिळाली, ते बसवल्यावर कुठला एमआरआय चालेल ते आधीच विचारून घ्या. स्ट्रेटामध्ये अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या स्नायूला रेडिओलहरींची उष्णता देतात, पण निकाल उलटसुलट आहेत, मी तो शेवटी ठेवेन. सगळ्यात जुनं आणि भरवशाचं म्हणजे फंडोप्लिकेशन, जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात, हल्ली पोटावर छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीतूनच. त्यानंतर गॅस धरतो, ढेकर नीट येत नाही, हे डॉक्टरांकडून आधीच समजून घ्या आणि त्यांनी अशी किती ऑपरेशनं केलीत तेही बिनधास्त विचारा.

आईचा हर्निया मोठा होता म्हणून हेच केलं. पहिले दोन आठवडे पेज, ताक, गाळलेलं सूप, मग मऊ भात, आणि भाकरी थेट दीड महिन्याने, तीही दुधात कुस्करून.