या चुका टाळा: अमेरिकेतील राज्य आणि केंद्रीय किरणोत्सर्ग नियामकांशी व्यवहार करताना

मुंबईच्या अणुशक्तीनगरात प्रशिक्षण घेऊन किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी, मेडिकल फिजिसिस्ट किंवा औद्योगिक रेडिओग्राफर म्हणून अमेरिकेत गेलेल्या माणसाला तिथले नियम समजायला फारसे जड जात नाहीत. कोणता नियम कोणाचा, हे कळायला मात्र वेळ लागतो. भारतात १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, दंतवैद्याच्या एक्स-रे यंत्रापासून अणुभट्टीपर्यंत सर्वांवर देखरेख ठेवते. केरळसारख्या राज्यात एक्स-रे विभागांच्या तपासणीसाठी राज्याचे वेगळे संचालनालय आहे, पण तेही एईआरबीच्या वतीने काम करते. ‘वतीने’ ही कल्पना मनात घट्ट बसलेली असते, आणि पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात.

राज्याच्या नियामकाला केंद्राचे शाखा कार्यालय समजणे

अमेरिकेच्या १९५४ च्या अणुऊर्जा कायद्यात १९५९ साली २७४ वे कलम घालण्यात आले आणि राज्याच्या गव्हर्नरला केंद्राशी करार करण्याची वाट मोकळी झाली. २६ मार्च १९६२ रोजी केंटकी हे पहिले ‘करार राज्य’ झाले. २०१९ मध्ये व्हरमाँट ३९ वे. या करारात न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशन, म्हणजे एनआरसी, आपले अधिकार राज्याला वापरायला देत नाही, तर ठरावीक किरणोत्सारी पदार्थांवरचा आपला अधिकार थांबवते आणि राज्य स्वतःच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्याच्या आधारे परवाना देते, शुल्क ठरवते आणि दंडही करते. त्यामुळे राज्याच्या निरीक्षकाने नोंदवलेल्या त्रुटीविरुद्ध एनआरसीच्या प्रादेशिक कार्यालयाकडे दाद मागणारे पत्र लिहिण्यात केवळ मुदतीचे दिवस वाया जातात. दाद मागायची ती राज्याच्याच प्रशासकीय प्रक्रियेत.

याचा अर्थ केंद्र राज्यातून निघून गेले असा नव्हे. अणुवीज केंद्रे, किरणोत्सारी पदार्थांची आयात-निर्यात आणि केंद्रीय सरकारी संस्था या एनआरसीकडेच राहतात. एकाच शहरात दोन रुग्णालये असतील आणि त्यांपैकी एक माजी सैनिकांसाठीचे केंद्रीय रुग्णालय असेल, तर शेजारी-शेजारी असूनही दोघांचे नियामक वेगळे असतात, आणि दोन्हीकडे अर्धवेळ काम करणाऱ्या फिजिसिस्टने एकाची कार्यपद्धती दुसरीकडे जशीच्या तशी वापरली की गोंधळ ठरलेलाच. करार कायमचा असतो असेही नाही. आयडाहोने १९९१ मध्ये आपला अधिकार केंद्राला परत दिला.

एक यंत्र म्हणजे एक नियामक, असा हिशेब करणे

शरीरातील किरणोत्सारी औषध टिपणारा पेट आणि एक्स-रेवर चालणारा सीटी एकत्र असलेल्या पेट-सीटी यंत्राचे उदाहरण पाहावे. रुग्णाला टोचलेले फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी पदार्थ आहे, तर सीटीचा भाग हा एक्स-रे यंत्राचा आहे. एनआरसीला एक्स-रे यंत्रांवर अधिकारच नाही. यंत्राच्या निर्मितीचे मानक केंद्रीय अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, ठरवते आणि वापरावर राज्य देखरेख ठेवते. मिशिगनसारख्या करार न केलेल्या राज्यात म्हणूनच एकाच खोलीतल्या एकाच यंत्रासाठी एनआरसीचा पदार्थ-परवाना आणि राज्याची यंत्र-नोंदणी अशी दोन्ही कागदपत्रे लागतात. सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रात, तयार होणारे समस्थानिक २००५ पर्यंत राज्यांच्याच अखत्यारीत होते. त्या वर्षीच्या ऊर्जा धोरण कायद्याने ते एनआरसीच्या कक्षेत आणले, म्हणून जुनी मार्गदर्शक पुस्तिका वाचून ठरवणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते.

मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीची, गंमत वेगळीच आहे. १९९२ च्या कायद्यानुसार मॅमोग्राफी केंद्राला प्रमाणपत्र लागते ते एफडीएच्या मानकांनुसार, पण दारात येणारा निरीक्षक बहुधा राज्याचा कर्मचारी असतो आणि तो एफडीएशी झालेल्या कंत्राटाखाली तपासणी करतो. आयोवा आणि इलिनॉय यांसारखी काही राज्ये तर प्रमाणपत्रही स्वतःच देतात. निरीक्षक आल्यावर तो आज कोणत्या कायद्याखाली आला आहे हे नम्रपणे विचारून घ्यावे. त्यात अपमान काही नाही, आणि त्याच्या उत्तरावरून कोणत्या नोंदी टेबलावर काढायच्या हे ठरते.

परस्पर मान्यतेला सर्वत्र चालणारा पास समजणे

सर्वांत महागात पडणारी चूक ही आहे. एका राज्याचा परवाना असलेली रेडिओग्राफीची तुकडी इरिडियम-१९२ चा किरणोत्सारी सोर्स (स्रोत) असलेला कॅमेरा गाडीत टाकून शेजारच्या राज्यात पाइपलाइनचे वेल्ड तपासायला जाते, आणि ‘राज्यांचे आपापसांत सहकार्य आहे’ एवढ्या ऐकीव माहितीवर काम सुरू करते. सहकार्य आहे हे खरे, पण त्याचा अर्थ इतकाच की दुसरे राज्य तुमच्या मूळ परवान्याची छाननी पुन्हा नव्याने करत नाही. आपल्या हद्दीत कोण, कोणता सोर्स घेऊन, कोणत्या पत्त्यावर, किती दिवस येणार आहे, हे आधी कळवून घेण्याचा त्याचा हक्क अबाधित राहतो, आणि त्याच्या हद्दीत त्याचेच नियम लागू होतात.

करार राज्याचा परवानाधारक एनआरसीच्या हद्दीत, जसे करार न केलेल्या राज्यात, काम करणार असेल तर त्याला २४१ क्रमांकाचा फॉर्म कामाच्या किमान तीन दिवस आधी शुल्कासह द्यावा लागतो, आणि असे काम एका कॅलेंडर वर्षात १८० दिवसांपेक्षा जास्त करता येत नाही. या फॉर्मबाबत अनेकांची चूक होते. मार्चमध्ये सांगितलेले काम पावसामुळे एप्रिलवर गेले, कामाचा पत्ता बदलला किंवा दुसरा सोर्स न्यावा लागला, तर आधीचा फॉर्म आपोआप बदलत नाही. सुधारित सूचना द्यावी लागते. राज्याराज्यांतील उलटसुलट प्रवासासाठी प्रत्येक राज्याचा फॉर्म, मुदत आणि शुल्क वेगळे असते. गेल्या वर्षी भरलेल्या फॉर्मची प्रत काढून त्यावर नवी तारीख घालण्याची सवय आपल्याकडच्या कार्यालयांत फार, आणि तिथेही ती अंगलट येते.

याहून अवघड प्रश्न केंद्र सरकारच्या जमिनीचा. करार राज्यातील लष्करी तळावर किंवा केंद्रीय इमारतीत काम असेल तर ती जागा केंद्राच्या अनन्य अधिकारक्षेत्रात येते की राज्याचाही तिथे अधिकार चालतो, यावर नियामक ठरतो, आणि हे कुंपणाकडे पाहून कळत नाही. एकाच तळाच्या दोन भागांची स्थितीही वेगळी असू शकते. उपाय साधा आहे, पण तो कामाच्या आदल्या दिवशी आठवून उपयोग नाही: जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्या संस्थेच्या कंत्राट अधिकाऱ्याकडून अधिकारक्षेत्राबद्दल लेखी उत्तर घ्यावे आणि ते कामाच्या फाइलमध्ये ठेवावे. तोंडी उत्तर मिळाले तर कोणी, कधी आणि कोणत्या हुद्द्यावरून दिले, याची नोंद तरी करावी.

अशा गुंतागुंतीच्या कामाचे एक गंभीर उदाहरण सिॲटलचे आहे. २ मे २०१९ रोजी तिथल्या विद्यापीठाच्या संशोधन इमारतीतून विकिरण यंत्र हलवण्याच्या तयारीत सीझियम-१३७ च्या सोर्सचे आवरण कापले गेले आणि १३ जणांना किरणोत्सारी प्रदूषण झाले. यंत्र काढण्याचा कार्यक्रम केंद्रीय ऊर्जा विभागाचा, काम कंत्राटदाराचे, इमारत विद्यापीठाची आणि राज्य करारातले. राज्याचा आरोग्य विभाग, शहराचे अग्निशमन दल आणि केंद्रीय संस्था अशा सगळ्यांना एकाच दारात उभे राहावे लागले. आपल्या कामात इतके पक्ष असतील तर कोण कोणाला, कोणत्या क्रमाने फोन करणार याचा कागद काम सुरू होण्याआधी सर्वांच्या सहीने तयार असला पाहिजे.

एकाला कळवले म्हणजे सर्वांना कळले, असे मानणे

करार राज्यातील परवानाधारकाने घटना राज्याला कळवायची असते, आणि गंभीर घटना राज्य २४ तासांच्या आत एनआरसीच्या चोवीस तास चालणाऱ्या केंद्राला कळवते. तिथून ती राष्ट्रीय घटना नोंदवहीत जाते. ही साखळी चांगली चालते, पण ती फक्त नियामकांमधली आहे. कॅमेरा चोरीला गेला तर पोलिसांना कळवण्याचे काम राज्य तुमच्यासाठी करत नाही. मोठ्या, म्हणजे श्रेणी १ आणि २ च्या सोर्सची प्राप्ती, हस्तांतर आणि विल्हेवाट राष्ट्रीय सोर्स नोंद प्रणालीत पुढचा कामाचा दिवस संपेपर्यंत नोंदवावी लागते. परवाना राज्याचा असला तरी ही प्रणाली एनआरसीची आहे. इरिडियम-१९२ साठी श्रेणी २ ची सीमा ०.८ टेराबेकरेल, म्हणजे सुमारे २१.६ क्युरी, आहे. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे तीव्रता निम्मी होण्याचा काळ, सुमारे ७४ दिवसांचे असल्यामुळे नवा सोर्स या सीमेच्या बराच वर असतो आणि काही महिन्यांनी खाली येतो. म्हणून नोंद ठेवताना पाटीवरची मूळ तीव्रता आणि त्या दिवसाची तीव्रता यांत गल्लत करू नये.

कळवताना काय सांगितले हे कोणाला सांगितले याइतकेच महत्त्वाचे असते. पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातील अपघाताच्या वेळी, ३० मार्च १९७९ रोजी, हेलिकॉप्टरमधून ताशी १,२०० मिलिरेम असे मापन आले. ते थेट चिमणीच्या वरचे होते. पण वॉशिंग्टनजवळच्या एनआरसी कार्यालयात नेमक्या त्याच सुमारास जमिनीवरील किरणोत्सर्गाच्या मात्रेचा अंदाज म्हणून १,२०० हाच आकडा काढला गेला होता, आणि आलेले मापन परिसराचेच आहे असे समजून लोकांना हलवण्याची शिफारस पेनसिल्व्हेनियाला केली गेली. राज्याच्या किरणोत्सर्ग संरक्षण विभागाला तशी गरज दिसत नव्हती. गव्हर्नरने अखेर पाच मैलांच्या आतील गर्भवती स्त्रिया आणि शाळेत न जाणारी लहान मुले यांनी दूर जावे, असा सल्ला दिला. त्या वर्षाच्या अखेरीस परिसराबाहेरील आपत्ती नियोजनाची जबाबदारी अध्यक्ष कार्टर यांनी फेमाकडे, म्हणजे केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेकडे, सोपवली. आकडा सांगताना जागा, उंची, वेळ, एकक आणि उपकरण हे पाचही सांगावेत. भारतातून गेलेल्यांनी एककाची जास्त काळजी घ्यावी, कारण तिथे रेम आणि क्युरी अजून रोजच्या वापरात आहेत: १ रेम म्हणजे १० मिलिसीव्हर्ट.

नमुना नियमांना कायदा समजणे

राज्यांच्या किरणोत्सर्ग कार्यक्रम संचालकांची परिषद, सीआरसीपीडी, १९६८ मध्ये स्थापन झाली आणि तिचे कार्यालय केंटकीतल्या फ्रँकफर्टमध्ये आहे. ही परिषद ‘सुचवलेले राज्य नियम’ प्रसिद्ध करते. ते उत्तम आहेत, पण सुचवलेले आहेत. एखाद्या राज्याने ते जसेच्या तसे घेतले असतील, दुसऱ्याने दोन आवृत्त्या मागचे ठेवले असतील. एनआरसीच्या नियमांबाबतही तेच. कामगारांची वार्षिक मात्रामर्यादा यांसारखे मूलभूत नियम राज्याला जवळजवळ तसेच ठेवावे लागतात, तर इतर अनेक ठिकाणी उद्देश साधला की पुरे, आणि राज्य अधिक कडकही होऊ शकते. एनआरसीने नियम बदलला की राज्याला तो स्वीकारायला साधारण तीन वर्षे मिळतात, म्हणून या मधल्या काळात आपल्या राज्याचाच मजकूर उघडून पाहावा.

भोंगा वाजलेला ट्रक परत पाठवणे

१६ जानेवारी १९८४ रोजी सळ्या नेणारा एक ट्रक न्यू मेक्सिकोतील लॉस अलामोस येथे चुकून वळला, तिथला शोधक वाजला, आणि मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेसमध्ये कोबाल्ट-६० चा वैद्यकीय सोर्स भंगारात वितळवला गेल्याचे उघड झाले. त्या सळ्या अनेक राज्यांत पोचल्या होत्या आणि त्या शोधायला राज्यांना एकमेकांच्या याद्या ताडून पाहाव्या लागल्या. हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. २००८ मध्ये फ्रान्समध्ये सापडलेल्या लिफ्टच्या बटणांतील कोबाल्ट-६० चा माग महाराष्ट्रातल्या एका फाउंड्रीपर्यंत आला होता.

पोलाद कारखान्याच्या दाराशी किरणोत्सर्ग शोधकाचा भोंगा वाजला की व्यवस्थापकाची पहिली प्रतिक्रिया ‘माल परत न्या’ अशी असते. तो ट्रक रस्त्यावर आला की वाहतूक विभागाचे नियम लागू होतात आणि आत काय आहे हे कोणालाच माहीत नसते. ट्रक बाजूला उभा करावा, चालकाला लांब बसवावे, मापन घ्यावे आणि ज्या राज्यात तो उभा आहे त्या राज्याच्या किरणोत्सर्ग विभागाला फोन करावा. वाहतूक विभागाच्या विशेष परवानगीखाली तो विभाग मंजुरीपत्र देतो आणि माल ज्या राज्यात परत जाणार आहे तिथल्या विभागालाही कळवतो. पत्र हातात येईपर्यंत ट्रक हलवू नये.

परवान्यातील दुरुस्ती अडकली की रोज फोन करणे

उशिराचे कारण बहुधा तुमच्या अर्जात नसते. एनआरसी आणि इतर राज्यांचे तज्ज्ञ यांचे संयुक्त पथक साधारण चार वर्षांनी प्रत्येक राज्याच्या किरणोत्सर्ग नियामक कार्यक्रमाची परीक्षा घेते. कर्मचारी आणि त्यांचे प्रशिक्षण, तपासण्या वेळेवर होतात का, परवान्यांचा तांत्रिक दर्जा, घटना आणि तक्रारींची हाताळणी असे त्याचे निकष आहेत, आणि अहवाल सार्वजनिक असतो. आपल्या राज्याचा ताजा अहवाल वाचला तर अनुभवी माणसे निघून गेली आहेत का, हे कळते. हे पथक निरीक्षकासोबत आपल्याकडेही येऊ शकते. तेव्हा घाबरून जादा कागद पुढे करू नयेत, कारण त्या दिवशी परीक्षा मुख्यतः निरीक्षकाची असते. नूतनीकरणाचा अर्ज मात्र मुदत संपण्याच्या किमान ३० दिवस आधी पोचवावा. एनआरसीच्या नियमांत असा वेळेवर आलेला अर्ज निकाली निघेपर्यंत जुना परवाना चालू राहतो. करार राज्यांतही सहसा अशीच तरतूद असते, पण तिचा कलम क्रमांक आपल्या राज्याच्या नियमांत शोधून पोचपावतीसोबत जोडून ठेवावा.