काल्पनिक जगातले धर्म रंगवताना या चुका टाळा

विज्ञानकथा आणि फँटसी लिहिणाऱ्या नवोदितांची हस्तलिखितं मी बरीच वर्षं वाचतो आहे. यंत्रं, नकाशे, लढाया यांच्यात जीव ओतलेला असतो. धर्माची पाळी आली की मात्र सगळे त्याच त्या चुका करतात.

एक ग्रह, एक धर्म

ही मला सर्वांत जास्त छळणारी चूक. पाण्याच्या ग्रहावर जलदेवता, वाळवंटी ग्रहावर सूर्यपूजक, आणि अख्ख्या ग्रहावर कुणाचं कुणाशी दुमत नाही! एका मुलाने पाचशे पानांची कादंबरी पाठवली होती. मालवाहू यान, चार ग्रहांवरचे चार खलाशी, चार धर्म. चौघं एका टेबलावर एकच जेवण जेवत होते, ना कुणाचा उपास, ना कुणाला काही वर्ज्य. तिसऱ्या भागात मात्र हेच लोक धर्मापायी एकमेकांच्या जिवावर उठले. मी एवढंच विचारलं, "दुसऱ्या प्रकरणात तुझा इंजिनिअर मरतो. त्याच्या देहाचं काय झालं?"

त्याने ते लिहिलंच नव्हतं. देह तीन दिवस ठेवायचा की लगेच अवकाशात सोडायचा? हात कुणी लावायचा? मृताच्याच धर्मातल्या, पण दुसऱ्या पंथाच्या माणसाने प्रार्थना म्हटली तर चालेल का? हे प्रश्न घेऊन त्याने प्रकरण नव्याने लिहिलं, तेव्हा तिसऱ्या भागातल्या भांडणाला मूळ सापडलं. युद्धाची कारणं समजावणारी चाळीस पानं त्याने आपणहून काढून टाकली.

माझी स्वतःची सवय अशी: देवाचं नाव ठरवण्याआधी वहीत चार गोष्टी लिहितो. मेलेल्या माणसाचं काय करतात, काय खात नाहीत, कामाला सुट्टी कधी, आणि पुजाऱ्याचं पोट कोण भरतं. प्रत्येकाची निदान दोन उत्तरं, तीही एकाच धर्मातली. नावं तयार करून देणाऱ्या जनरेटर प्रोग्राममधून देवांची नावं काढून सुरुवात करणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं. वाटू दे, धर्म असा पाच मिनिटांत उभा राहत नाही.

आधी विश्वोत्पत्ती, मग माणसं

सृष्टी कशी जन्मली याची दहा पानं असतात, पण सकाळी उठून भक्त काय करतो याची एक ओळ नसते. माणसं भांडतात ती बहुतेकदा करण्याच्या गोष्टींवरून. सतराव्या शतकात रशियात क्रूसाची खूण दोन बोटांनी करायची की तीन, हा चर्चमधल्या फुटीचा एक मोठा मुद्दा होता. जुनी रीत न सोडणाऱ्या अव्वाकूम या धर्मगुरूला १६८२ मध्ये जिवंत जाळलं. तुमच्या जगातली दोन बोटं आणि तीन बोटं कोणती, ते शोधा.

पंथ कुठून आला याचा पत्ता नाही

नवा धर्म जुन्यातूनच फुटतो. उर्सुला ले ग्विन यांच्या १९६९ च्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' या विज्ञान-कादंबरीत योमेश हा पंथ हंदारा परंपरेतूनच निघालेला आहे, म्हणून दोघांमधला ताण घरातला वाटतो.

खगोलाकडे दुर्लक्ष

दोन चंद्रांच्या ग्रहावर उपासाचा महिना कोणत्या चंद्रावरून मोजणार? हा प्रश्न निव्वळ कल्पनेतला नाही. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये, रमजानच्या दिवसांत, मलेशियाचे अंतराळवीर शेख मुझफ्फर शुकूर अंतराळ स्थानकावर गेले. तिथे चोवीस तासांत सुमारे सोळा सूर्योदय होतात. नमाजाच्या वेळा उड्डाणस्थळाच्या घड्याळाप्रमाणे धराव्यात, असं त्यांच्या देशातल्या धर्मपंडितांनी ठरवून दिलं. नमाजात मक्केतल्या काबाकडे तोंड करणं जमत नसेल तर पृथ्वीकडे, तेही जमत नसेल तर कुठेही. असे निर्णय घेणारं कुणीतरी तुमच्या जगातही हवं, आणि ते न मानणारंही.

बाकीच्या चुका थोडक्यात. प्रत्येक पुजारी लबाड दाखवू नका. हजार वर्षांत एकही रीत बदलली नाही असं लिहू नका. खऱ्या समाजाचा धर्म नाव बदलून खलनायकाला चिकटवू नका, हे फार वाईट आहे. सणापुरता देव आठवणारा माणूसही असू द्या.

लिखाण पूर्ण झालं असेल तर 'सर्व भक्त' आणि 'धर्म सांगतो' हे शब्द जिथे जिथे आलेत तिथे थांबा. कोणते भक्त? सांगणारा कोण? तिथे एखाद्या माणसाचं नाव घाला, आणि त्याच्याशी सहमत नसलेली त्याची बहीण शेजारी बसवा.