बंद पडलेला जुना कॉम्प्युटर घ्यायचा का?

ठाण्यात नाहीतर नेरूळ-वाशीला कोणी घर रिकामं करताना जुना ४८६ (नव्वदच्या दशकातला इंटेल ४८६ प्रोसेसरचा पीसी) विकायला काढतो आणि म्हणतो "बंद आहे, पण किरकोळ प्रॉब्लेम असेल", तर भाव करायच्या आधी कॅबिनेट उघडून मदरबोर्डचा क्लिअर फोटो मागा, टाळाटाळ केली तर सरळ सोडून द्या. त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर कीबोर्डच्या सॉकेटजवळ गोल नळीसारखी निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते, ती गळते आणि आजूबाजूचे तांब्याचे ट्रॅक खाऊन टाकते. नुसता हिरवा थर असेल तर व्हिनेगरने निघतो, पण ट्रॅक काळे पडून तुटलेले दिसले की मी तरी फुकटातही घेत नाही.

कमोडोर ६४ असेल (१९८२ चं होम कॉम्प्युटरचं मॉडेल) तर मालकाला त्याचा मूळ अॅडॅप्टर लावून दाखवायला सांगू नका, तो बिघडलेला असला की ५ व्होल्टच्या जागी जास्त सोडतो आणि रॅम उडते. साधे लॉजिक आयसी (छोट्या चिप्स), कपॅसिटर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळून जातील, पण त्याची साउंडची सिड चिप आता बनतच नाही. आणि हो, अमेरिकेहून आणलेलं मशीन असेल तर मागचं लेबल वाचा, ११०-१२० व्होल्टवालं आपल्या २३० ला थेट लावलं तर संपलंच.