पाचवा नंबर का चुकला: मॉक ड्राफ्ट लिहायला घेणाऱ्यांसाठी

२९ एप्रिल २०२१. इंडियानापोलिसमधल्या आमच्या भाड्याच्या घरात मी टीव्हीसमोर वही उघडून बसले होते. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या ड्राफ्टचा पहिला राऊंड सुरू होता. कुठला संघ कुठल्या कॉलेज खेळाडूला घेणार याच्या बत्तीस ओळी मी आदल्या रात्रीच लिहून ठेवल्या होत्या. पहिल्या दोन बरोबर आल्या, त्या सगळ्यांच्याच आल्या होत्या. जॅक्सनविलने ट्रेव्हर लॉरेन्स घेतला आणि जेट्सने झॅक विल्सन. तिसऱ्या नंबरवर मी मॅक जोन्स लिहिला होता, पण सॅन फ्रान्सिस्कोने ट्रे लान्सला घेतलं. चौथा काइल पिट्स, बरोबर. पाचव्या नंबरवर सिनसिनाटी बेंगल्स होते आणि तिथे मी पेनेई सूवेल या नावाखाली दोन रेघा मारल्या होत्या, इतकी मला खात्री होती.

खात्रीचं कारण साधं होतं. बेंगल्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, जो बरो आदल्या वर्षीचा पहिला पिक, म्हणजे सर्वांत आधी निवडलेला. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याचा गुडघा गेला आणि त्याच्यापुढची बचावाची ओळ कच्ची आहे हे सगळ्यांना दिसत होतं. सूवेल त्या वर्षीचा सर्वांत चांगला टॅकल, म्हणजे त्या ओळीच्या टोकाला उभा राहणारा खेळाडू. दोन आणि दोन चार. प्रत्यक्षात बेंगल्सने जमार चेस हा वाईड रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, घेतला.

त्या रात्री मला झोप आली नाही. निकालाचं तितकं वाईट वाटलं नव्हतं. पण खुणा माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि मी त्या वाचल्या नव्हत्या, हे टोचत होतं. बरो आणि चेस २०१९ मध्ये एलएसयू या कॉलेजकडून एकत्र खेळले होते. त्या हंगामात चेसने १,७८० यार्ड आणि २० टचडाऊन केले आणि संघ राष्ट्रीय विजेता ठरला. मार्चमध्येच बेंगल्सने रायली रीफ हा अनुभवी टॅकल फ्री एजन्सीतून, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंच्या बाजारातून, घेतला होता, म्हणजे भगदाडावर तात्पुरता पत्रा ठोकून झाला होता. शिवाय त्या वर्षी टॅकल भरपूर होते, दुसऱ्या राऊंडमध्येही बरा माणूस मिळणार होता. बेंगल्सने नेमकं तेच केलं, दुसऱ्या राऊंडमध्ये जॅक्सन कार्मनला घेतलं. मी फक्त गरज बघितली होती. गरज कधी, कशाने आणि किती स्वस्तात भागते हे बघितलंच नव्हतं.

हे सगळं नवीन असलेल्यांसाठी आधी ड्राफ्ट म्हणजे काय ते सांगते. मी बाबांना फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, म्हणजे आयपीएलचा लिलावच ना?" लिलाव नाही. इथे बोली लागत नाही. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या कॅप राऊंडची उलटी बाजू डोळ्यांसमोर आणा. विद्यार्थ्याला पसंतीचा फॉर्मच नाही, कॉलेजं नंबराने येतात आणि विद्यार्थी उचलतात. त्यातही सर्वांत खराब निकालाचं कॉलेज पहिलं. बत्तीस संघ, सात राऊंड. आदल्या हंगामात सर्वांत कमी सामने जिंकलेला संघ आधी निवडतो आणि सुपर बोल जिंकलेला शेवटी. फ्री एजन्सीत ज्यांनी माणसं गमावली त्यांना तिसऱ्या ते सातव्या राऊंडच्या शेवटी भरपाईचे जादा पिक मिळतात, म्हणून एकूण आकडा अडीचशेच्या पुढे जातो. २०२४ मध्ये तो २५७ होता. हायस्कूल सोडून तीन वर्षं झाल्याशिवाय खेळाडूला ड्राफ्टमध्ये उतरता येत नाही. पगार बहुतांशी निवडीच्या क्रमांकावर ठरतो, २०११ च्या करारापासून तशी चौकट आहे. त्यामुळे पैशावरून फारसं काही अडत नाही आणि प्रश्न उरतो तो एवढाच की कोण कोणाला उचलणार. तो अंदाज लिहून काढला की झाला मॉक ड्राफ्ट.

माझं पहिलं सांगणं: दोन वह्या करा. एका वहीत खेळाडूंबद्दल तुमचं स्वतःचं मत, म्हणजे बिग बोर्ड. दुसऱ्या वहीत मॉक. नवी मंडळी हटकून या दोन्हींची भेसळ करतात. आपल्याला आवडलेला खेळाडू आपण नकळत वर ढकलतो आणि मग त्याच्यासाठी संघ शोधत बसतो. बिग बोर्ड तुमच्या डोळ्यांची परीक्षा घेतो. मॉक लिहिताना तुमच्या आवडीला काडीची किंमत नसते. तिथे तुम्हाला दुसऱ्याच्या डोक्यात शिरावं लागतं, तेही बत्तीस वेगवेगळ्या डोक्यांत.

हे मला २०२५ मध्ये नीट कळलं, आणि तो प्रसंग सविस्तर सांगण्यासारखा आहे. ऑफेन्सिव्ह टॅकलच्या हाताची लांबी हा ड्राफ्टवाल्यांचा मोठा जिव्हाळ्याचा विषय. अंगावर धावून येणाऱ्या एज रशरला दूर ठेवायचं तर हात लांब हवेत. ३३ इंचांच्या खाली गेलं की लोक म्हणायला लागतात, हा टॅकल नाही, याला आत सरकवून गार्ड करा. २०२३ मध्ये पीटर स्कोरोन्स्कीचे हात ३२¼ इंच भरले. टेनेसी टायटन्सने त्याला अकराव्या नंबरवर घेतलं आणि खरंच गार्ड केलं. मी तो धडा ठळक अक्षरांत लिहून ठेवला. दोन वर्षांनी एलएसयूच्या विल कॅम्पबेलचे हात कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या एकत्रित चाचणीत, ३२⅝ इंच भरले. मी वही उघडली, नियम लावला आणि त्याला पहिल्या दहाच्या बाहेर टाकलं. न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्याला चौथ्या नंबरवर घेतलं, तेही लेफ्ट टॅकल म्हणून.

दुसऱ्या दिवशी वही चाळताना लक्षात आलं. पेट्रियट्सचा नवा प्रशिक्षक माइक व्रेबल. २०२३ मध्ये टायटन्सचा प्रशिक्षक कोण होता? हाच व्रेबल. म्हणजे आखूड हाताच्या टॅकलवर वरचा पिक खर्च झाला तेव्हाही तो त्या खोलीत होता. मी टेप घेऊन हात मोजत बसले आणि खुर्चीतल्या माणसाकडे बघायचं राहून गेलं. तेव्हापासून माझ्या मॉकच्या वहीत प्रत्येक संघापुढे एक रकाना जास्तीचा आहे: कोण निवडतंय? जनरल मॅनेजर कोण, आधी कुठे होता, त्याने आजवर पहिल्या राऊंडमध्ये कोणाकोणाला घेतलं, प्रशिक्षक नवा की खुर्ची डळमळीत झालेला. ज्याला यंदा जिंकलंच पाहिजे तो कच्चा पण अफाट ताकदीचा पोरगा घेऊन तीन वर्षं थांबत नाही. हा रकाना भरायला जानेवारीतच बसा. कंटाळवाणं काम आहे, पण खरी कमाई तिथे आहे.

वर्षाचं वेळापत्रक असं: जानेवारीच्या मध्यापर्यंत कोण ड्राफ्टमध्ये उतरतंय ते कळतं. मग अलाबामातल्या मोबील गावी सीनियर बोल, म्हणजे कॉलेज संपवणाऱ्या खेळाडूंचा प्रदर्शनी सामना. फेब्रुवारीच्या अखेरीला कम्बाइन, मार्चच्या मध्यात फ्री एजन्सी, त्याच सुमारास कॉलेजांचे प्रो डे, म्हणजे कॉलेजातच होणाऱ्या चाचण्या, आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ड्राफ्ट. पहिला राऊंड गुरुवारी रात्री असतो. भारतात असाल तर शुक्रवारी पहाटे साडेपाचचा गजर लावा.

कम्बाइन १९८७ पासून आमच्याच गावात होतं, म्हणून त्याबद्दल जरा आपुलकीने बोलते. २ मार्च २०२४ ला मी लुकस ऑइल स्टेडियममध्ये बसून वाईड रिसीव्हर पळताना पाहिले. टेक्सासचा झेव्हियर वर्दी, वजन जेमतेम १६५ पौंड. चाळीस यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर. पहिली धाव ४.२५ सेकंद. एवढ्यावर भलेभले समाधान मानून बूट काढतात. हा परत रेषेवर येऊन उभा राहिला. दुसऱ्या धावेनंतर आधी ४.२२ दिसलं आणि थोड्या वेळाने अधिकृत आकडा आला ४.२१. जॉन रॉसचा २०१७ चा ४.२२ चा विक्रम मोडला होता. टाळ्या वाजवता वाजवता मला प्रश्न पडला तो वेगळाच: या वेगाची किंमत कुणाला सर्वांत जास्त वाटेल? मी कॅन्सस सिटी लिहिलं, कारण टायरीक हिलसारख्या वाऱ्यावर त्यांनी वर्षानुवर्षं खेळ उभा केला होता आणि २०२२ मध्ये त्याला सोडलं होतं. ड्राफ्टच्या रात्री चीफ्सने बफेलोशी सौदा करून ३२ वरून २८ वर उडी मारली आणि वर्दीला घेतलं.

एक लक्षात घ्या, कम्बाइनमध्ये टीव्हीवर धावणं दिसतं, पण संघांना खरी ओढ असते ती डॉक्टरी तपासणीची आणि मुलाखतींची. ते कागद आपल्यापर्यंत येत नाहीत. एखादा चांगला खेळाडू एप्रिलमध्ये विनाकारण घसरताना दिसला तर बऱ्याचदा कारण तिथे असतं. त्याउलट, प्रत्येक संघ तीस खेळाडूंना आपल्या मुख्यालयात भेटीला बोलावू शकतो आणि त्या भेटींच्या बातम्या बाहेर येतात. त्या नोंदवून ठेवा. एक भेट म्हणजे पुरावा नव्हे, पण एकाच पोझिशनचे पाच जण बोलावले असतील तर त्या घरात काय शिजतंय त्याचा वास येतो.

क्वार्टरबॅकचा हिशोब सगळ्यांपेक्षा निराळा. इतर पोझिशनला दोन-तीन खेळाडू सहज मावतात, इथे मैदानात एकच उभा राहतो. म्हणून क्रमवारी बाजूला ठेवून आधी खुर्च्या मोजा: किती संघांना खरोखर क्वार्टरबॅक हवा आहे आणि ते कितव्या नंबरवर आहेत. २०२४ मध्ये पहिल्या बारा निवडींत सहा क्वार्टरबॅक गेले. २०२२ मध्ये अख्ख्या पहिल्या राऊंडमध्ये एकच, केनी पिकेट, तोही विसाव्या नंबरवर. २०२५ मध्ये शेड्युर सँडर्सला कितीतरी मॉक्सनी पहिल्या राऊंडमध्ये बसवलं होतं, मीसुद्धा. तो पाचव्या राऊंडमध्ये १४४ वा गेला. त्याच्या आधी पाच क्वार्टरबॅक निवडले गेले होते. क्लीव्हलँडने त्याला घेतलं, पण त्याआधी ९४ व्या नंबरवर त्यांनी डिलन गेब्रियलला घेतलेलं होतं. आम्ही सगळे एकमेकांचे मॉक वाचून आपापले मॉक लिहीत होतो. एकच चूक शंभर ठिकाणी छापून आली की ती खरी वाटायला लागते. आता मी मार्चअखेर माझा स्वतःचा एक मसुदा पूर्ण करते आणि त्यानंतरच दुसऱ्यांचे वाचते.

खुर्ची भरलेली दिसली तरी डोळे मिटून पुढे जाऊ नका. अटलांटाने मार्च २०२४ मध्ये कर्क कझिन्सला चार वर्षांचा १८ कोटी डॉलर्सपर्यंतचा करार दिला आणि सहा आठवड्यांनी आठव्या नंबरवर मायकल पेनिक्स ज्युनियर घेतला. कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मागे वळून पाहताना एवढंच म्हणता येतं की कझिन्स पस्तिशीचा होता आणि सहा महिन्यांपूर्वीच त्याची टाचेची शीर तुटली होती. हा पिक मी चुकले आणि आजही माझ्या पद्धतीने तो मला पकडता आला नसता.

एप्रिल हा धूळफेकीचा महिना. संघ मुद्दाम बातम्या सोडतात, एजंटही सोडतात. २०२३ मध्ये विल लेव्हिस पहिलाच जाणार अशी एक अनामिक पोस्ट फिरली आणि तेवढ्यावर सट्टाबाजारातले भाव हलले. लेव्हिस पहिल्या राऊंडमध्ये गेलाच नाही, तो ३३ वा गेला. बातमी वाचताना विचारा की ही पसरल्याने फायदा कुणाचा. ज्याला खाली बसून वाट बघायची आहे त्याचा, की ज्याला आपला पिक विकायचा आहे त्याचा?

सौद्यांबद्दल थोडक्यात. पहिल्या वर्षी मॉकमध्ये ट्रेड घालूच नका. एक ट्रेड चुकला की पुढच्या दहा ओळी कोसळतात. पण किमतीचा अंदाज हवा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलसमध्ये जिमी जॉन्सनच्या काळात तयार झालेला तक्ता आजही लोक तोंडपाठ म्हणतात: पहिला पिक ३००० गुण, दुसरा २६००, दहावा १३००, बत्तिसावा ५९०. आता संघांचे स्वतःचे तक्ते आहेत, तरी हात बसायला हाच बरा. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने १२ वरून ३ वर यायला पुढच्या दोन वर्षांचे पहिल्या राऊंडचे पिक आणि वर एक तिसऱ्या राऊंडचा दिला. एवढी किंमत मोजणारा संघ बहुतेक वेळा क्वार्टरबॅकसाठी येतो.

इकडे शिकायला आलेल्या मुलामुलींना एक वेगळी सूचना. तुमचं लेखन चांगलं झालं तर कुणीतरी चार पैसे देऊ करेल. एफ-वन व्हिसावर असाल तर युनिव्हर्सिटीच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारल्याशिवाय एक डॉलरही घेऊ नका. बाहेरच्या कामाला परवानगी लागते आणि छंदापायी व्हिसा धोक्यात घालणं परवडणारं नाही.

गुण द्यायची माझी पद्धत: पहिल्या राऊंडमध्ये जाणारं नाव बरोबर तर एक गुण, संघही बरोबर तर आणखी दोन. एकूण ९६. २०२१ मध्ये माझी २२ नावं आणि ३ जोड्या जुळल्या, म्हणजे २८ गुण. २०२५ मध्ये २६ नावं, ७ जोड्या, ४० गुण. चार वर्षांच्या मेहनतीची वाढ ही एवढी, आणि मला ती मोलाची वाटते.

सुरुवात एका संघापासून करा. त्यांचे गेल्या पाच वर्षांतले पहिल्या तीन राऊंडचे सगळे पिक एका पानावर हाताने लिहा, समोर त्या वेळचा जनरल मॅनेजर आणि प्रशिक्षक. मग यंदा कुणाचे करार संपतायत ते लिहा. एवढं झालं की त्या एका संघाच्या पिकसाठी तीन नावं लिहा आणि प्रत्येकापुढे एका वाक्यात कारण. कारण लिहिलं नाही तर मे महिन्यात तुम्हाला फक्त चूक सापडेल, ती कुठून आली ते सापडणार नाही. माझ्या २०२१ च्या वहीत सूवेलच्या नावाखाली दोन रेघा आहेत आणि कारणाचा रकाना रिकामा आहे.