‘साहेब, फुटाला काय दर?’ : बेताच्या बजेटमध्ये घर बांधताना या चुका टाळा

ऑफिसात नवीन गिऱ्हाईक आलं की खुर्चीत नीट टेकायच्या आधी पहिला प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, फुटाला काय दर?" कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावात मी बरीच वर्षं घरांची कामं करतोय. माझ्या डोळ्यांसमोर ज्यांचं बजेट कोलमडलं, त्यातल्या बहुतेकांनी सुरुवात याच प्रश्नाने केली होती आणि उत्तर मिळाल्यावर दुसरा प्रश्नच विचारला नव्हता.

दर गुणिले फूट, संपला हिशेब

एक गुरुजी आले होते. हजार चौरस फुटांचं घर, मटेरियलसकट दर १,९०० ठरला. त्यांनी वहीत १९ लाख लिहिले. खाली १५ लाख कर्ज, ४ लाख भविष्यनिर्वाह निधीतले. हिशेब अगदी चोख.

मग बोअर मारावी लागली. जमिनीखालची पाण्याची टाकी दरात नव्हती. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा नव्हता. कंपाउंड आणि गेट नव्हतं. प्लॅन, परवानगी, आरसीसी डिझाइनरची (पाया-कॉलमचं गणित करणाऱ्याची) फी, विजेचं मीटर, खिडक्यांच्या ग्रिल, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या यातलं काहीच नव्हतं. कॉन्ट्रॅक्टरने फसवलं असंही नाही. त्याने घराचा दर दिला होता, बाकीच्याचा नाही. वास्तुशांतीच्या दिवशी वहीतला आकडा २४ वर गेला होता आणि घर होतं तेवढंच हजार फूट.

हिशेब उलटा करा. समजा हातात कर्जासकट २० लाख आहेत. आधी वरची यादी करून तिचे ४ लाख बाजूला काढा. मग एकूण रकमेचा दहावा भाग, म्हणजे २ लाख, ‘वाढीव’ म्हणून वेगळा ठेवा आणि त्याला हात लावू नका. उरले १४ लाख. त्याला १,९०० ने भागा. उत्तर साधारण ७३५ चौरस फूट येतं. हा आकडा ऐकून चेहरे पडतात, मला माहीत आहे. पण तो पाया खोदण्याआधी कळलेला बरा.

शिवाय हे हजार फूट कशाचे, तेही विचारून घ्या. दर बहुतेक वेळा स्लॅबच्या मापावर असतो. भिंतींची जाडी वजा जाता हजारातले साधारण साडेआठशे फूट वापराला उरतात. बाल्कनी, जिन्यावरचं हेडरूम, लॉफ्ट, छज्जे यांचं माप पूर्ण धरायचं, अर्धं धरायचं की नाहीच, हे कागदावर नसेल तर शेवटच्या बिलाच्या वेळी हमखास वाजतं. पाणी, वीज आणि पाणी मारणाऱ्या माणसाची मजुरी कुणाकडे, एवढ्या तीन ओळी करारात नसल्याने झालेली भांडणं मी पाहिली आहेत. आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय. त्याआधीचं कोटेशन हातात असेल तर दर नव्याने मागा.

माती न बघता पाया ठरवणं

कोटेशनमध्ये ‘पाया पाच फूट’ असं सरसकट लिहिलेलं असतं. माळावर तीन फुटांवर कडक मुरूम लागतो, तिथे ते ठीक. पण नदीकाठच्या काळ्या रानात आठ-दहा फूट खाली गेलं तरी काळीच माती निघते. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात रानाला पडलेल्या भेगा आठवा. तीच हालचाल घराखाली होते.

म्हणून प्लॅन काढण्याआधी प्लॉटवर जेसीबीने एक-दोन चाचणी खड्डे घ्या. तास-दोन तासांचं भाडं जाईल. मुरूम किती खाली आहे हे कळलं की डिझाइनर ठरवेल: साधं फुटिंग (कॉलमखालचं काँक्रीटचं बूड) चालेल, खोल जावं लागेल की अंडररीम्ड पाईल (जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब) लागतील. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पाईल काळ्या मातीसाठीच विकसित केली. बूड फुगीर असल्याने माती वर-खाली झाली तरी ती खालच्या थराला घट्ट धरून राहते. मुरूम फार खोल असेल तर कधीकधी खोदाई आणि भरावापेक्षा पाईलच स्वस्त पडते.

पण मला जास्त चिंता असते ती जोत्यातल्या, म्हणजे फरशीखालच्या भरावाची. पायाच्या खड्ड्यातून निघालेली काळी माती बाजूला ढीग लावून ठेवलेली असते. मालक कामावर गेलेला असतो. संध्याकाळी परत येऊन बघतो तर ढीग नाहीसा! सगळा जोत्यात गेलेला, वर दोन ट्रॉल्या मुरूम पसरून लेव्हल केलेली. मुरमाचे पैसे वाचले, काळी माती बाहेर टाकायचंही भाडं वाचलं.

याचा हिशेब दोन पावसाळ्यांनी मिळतो. मागच्या वर्षी एका घरी बोलावलं होतं. वहिनी म्हणाल्या, "देवघराचं दार खाली घासायला लागलंय." मी खिशातलं नाणं काढून फरशीवर टकटक करत गेलो. भिंतीलगत आवाज भरीव होता आणि खोलीच्या मध्यावर डब्यासारखा पोकळ. स्कर्टिंग आणि फरशीच्या मधे बोट जाईल एवढी फट पडलेली. भिंती आणि कॉलम जागच्या जागी होते, जमीन तेवढी खचली होती. उपाय एकच: त्या खोलीतली फरशी काढायची, माती उपसायची, सहा-सहा इंचांच्या थरांनी मुरूम टाकून प्रत्येक थराला पाणी देऊन धुमसाने चोपायचा आणि वर पीसीसी, म्हणजे सळईशिवायचं काँक्रीट, करून नव्याने फरशी बसवायची. मुरमात जेवढे वाचले असतील त्याच्या किती पट गेले, ते मी त्यांना सांगितलं नाही.

तेव्हा खोदाईच्याच आठवड्यात काळी माती प्लॉटबाहेर जाऊ द्या. ती सोन्यासारखी असते, एखादा बागवाला आनंदाने नेईल.

भेगा पडल्याच असतील तर घाबरण्याआधी त्या वाचायला शिका. बीमच्या खालच्या कडेने सरळ आडवी, केसासारखी भेग असेल तर ती बहुधा काँक्रीट आणि विटा यांच्या सांध्याची असते. प्लास्टरच्या आधी तिथे चिकन मेश, म्हणजे बारीक तारेची जाळी, लावली नाही की येते. दिसायला वाईट, धोका नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी, एका टोकाला रुंद होत गेलेली भेग मात्र पायाची चुगली करत असते. तिच्या टोकाशी पेन्सिलने खूण करा, शेजारी तारीख लिहा. पावसाळ्याआधी आणि नंतर बघा. खूण ओलांडून पुढे गेली तर पुट्टी भरण्यात पैसे घालवू नका, आधी डिझाइनरला बोलवा.

पूरपट्ट्यात असाल तर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा शेजारच्यांच्या भिंतीवर विचारून बघा आणि मगच जोत्याची उंची ठरवा. रस्त्यापासून दोन फूट ही काही उंची ठरवायची रीत नव्हे.

कोपऱ्यांचे पैसे

दर तोच, क्षेत्रफळ तेच, तरी खर्च वेगळा येतो. ३० बाय ३३ फुटांचं सरळ चौकोनी घर ९९० चौरस फूट होतं. त्याच्या बाहेरच्या भिंतीचा घेर १२६ फूट. तेच ९९० फूट ३६ बाय ३६ मधून एक कोपरा कापून ‘एल’ आकारात केलं तर घेर १४४. अठरा फूट भिंत जास्त, दहा फूट उंचीची. म्हणजे १८० चौरस फुटांचं वीटकाम, दोन्ही बाजूंचं प्लास्टर, रंग, खाली त्याचा पाया आणि वर बीम. मोबाईलवर एलिव्हेशनचे, म्हणजे घराच्या दर्शनी बाजूचे, फोटो दाखवत "असं पुढे-मागे काढा ना" म्हणणाऱ्यांना मी हे गणित कागदावर करून दाखवतो. निम्मे ऐकतात.

जिन्याचंही तसंच. साडेदहा फुटांच्या मजल्याला सात इंचांच्या अठरा पायऱ्या लागतात. तीन फूट रुंदीचा दोन वळणांचा जिना केला तरी साठ-सत्तर फूट जागा जाते, म्हणजे एक छोटी खोलीच. प्लॉट पुरेसा असेल तर आता सगळं तळमजल्यावर घ्या. वरचा मजला पुढे चढवायचा असेल तर पाया आणि कॉलम आत्ताच त्या हिशेबाने करा आणि जिना नियमात बसत असेल तर बाहेरून ठेवा, उद्या वर भाडेकरूही ठेवता येतो. पण एकच मजला परवडतोय आणि गच्चीवर तीन मजल्यांच्या सळया उभ्या सोडल्यात, अशी घरं गावोगाव दिसतात. वीस वर्षं गंजलेल्या त्या सळयांचा पुढे कुणालाच उपयोग नसतो.

स्वयंपाकघर, बाथरूम आणि संडास शक्यतो एका भिंतीला पाठ लावून घ्या. पाइप वाचतात, गळती शोधायलाही एकच जागा उरते. वास्तुतज्ज्ञाला दाखवायचं असेल तर कागदावर असतानाच दाखवा. कॉलम उभे राहिल्यावर संडासाची दिशा बदलायला निघालेले लोक मला चांगले ठाऊक आहेत.

पैसा कामाच्या पुढे पळवणं

लेबर रेटने (फक्त मजुरीवर) काम दिलं असो वा मटेरियलसकट, हप्ते टप्प्यांना बांधा: जोतं, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर, फरशी. झालेल्या कामापेक्षा दिलेला पैसा पुढे गेला की तुमचे फोन उचलले जात नाहीत.

बँकेचंही टप्प्यांनीच चालतं. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक जास्तीत जास्त ९० टक्क्यांपर्यंतच जाऊ शकते आणि बहुधा आधी तुमचा वाटा खर्च झालेला बघते. म्हणून खिशातली सगळी रक्कम प्लॉटमध्ये अडकवू नका. मंजूर प्लॅन आणि जमिनीचे कागद पूर्ण नसतील तर प्रकरण पुढे सरकतच नाही. गावठाणापासून २०० मीटरच्या आतली जमीन असेल तर बिगरशेतीचा सध्याचा नियम काय, याची चौकशी तहसीलमध्ये करा. सरकारी मोजणी भूमिपूजनाआधी झालेली हवी. भाऊबंदकीत कंपाउंड दीड फूट सरकवावं लागणं म्हणजे काय, हे ज्याने भोगलंय त्यालाच विचारा. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी १५ लाखांचा हप्ता १३ हजारांच्या आसपास बसतो. बांधकाम सुरू असताना उचललेल्या रकमेचं व्याज आणि राहत्या घराचं भाडं, दोन्ही एकदम भरावी लागतात, तेही वहीत लिहा.

अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त

मुहूर्त उत्तम, पण त्या दिवशी नारळ फोडून पाया खोदला की जूनमध्ये खड्ड्यांत पाणी, बेडूक आणि ढासळलेल्या कडा. पूजा करून घ्या, खोदाई दसऱ्यानंतर काढा. मुरमाची बोलणी मात्र आधीच करून ठेवा. ऊसतोड सुरू झाली की आमच्याकडे ट्रॅक्टर कारखान्याच्या वाटेला लागतात आणि तुमच्या दोन ट्रॉल्यांसाठी कुणी येत नाही.

काटकसर चुकीच्या जागी

सळईचं वजन काट्यावर तर कराच, पण गजही मोजा. १२ मीटरचा ८ मिलिमीटरचा गज साधारण पावणेपाच किलो भरतो, १० चा ७.४ आणि १२ चा साडेदहाच्या थोडा वर. मोजलेले गज आणि काट्याची पावती जुळली पाहिजे. वाळू किंवा क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) ब्रासवर येते आणि ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली रिकामी करण्याआधी फाळक्याला टेप लावा: लांबी, रुंदी, मालाची सपाट उंची फुटांत, भागिले शंभर. ओलसर वाळू फुगून जास्त जागा व्यापते, तेही ध्यानात ठेवा.

हा एवढा काटेकोरपणा करणारे मालक फुकट मिळणाऱ्या पाण्याला मात्र कंटाळतात. साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस आणि राख मिसळलेल्या पीपीसीला १० दिवस पाणी हवं असं काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं. आपल्याकडे आता सर्रास पीपीसीच वापरतात. स्लॅबवर आळी करून पाणी उभं ठेवा, कॉलमला गोणपाट गुंडाळा. सेंट्रिंगवाल्याला (काँक्रीटचा साचा लावणाऱ्याला) प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायची घाई असते. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांच्या आत, त्याहून मोठ्या स्लॅबचे आणि ६ मीटरपर्यंतच्या बीमचे १४ दिवसांच्या आत काढू द्यायचे नाहीत. पीपीसी असेल तर आणखी थांबा.

संडास-बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, भिंतीतली वायर आणि पाइप चांगले घ्या. नंतर बदलायचे तर फरशी आणि भिंत फोडावी लागते. फॉल्स सीलिंग, कपाटं, एलिव्हेशनची क्लॅडिंग पुढच्या बोनसवर सोडा.

पैसे मधेच संपत आले तर

स्लॅब पडला की घर झाल्यासारखं वाटतं, पेढे वाटले जातात. खर्चाने तेव्हा जेमतेम अर्धं अंतर कापलेलं असतं. इथून पुढे तंगी दिसू लागली तर सगळीकडे थोडं थोडं काम करत राहू नका. आधी गच्चीचा कोबा आणि पाणी जायचा उतार, मग बाहेरचं प्लास्टर, म्हणजे पावसाळा बाहेर राहील. नंतर एक संडास-बाथरूम, स्वयंपाकघराचा ओटा आणि एक खोली पूर्ण करा. बाकीच्या खोल्यांत वायरिंगचे पाइप टाकून नुसती पीसीसी ठेवली तरी चालते. दारांना चौकटी बसवून टाका, फळ्या नंतर येतील.

गुरुजींनी शेवटी हेच केलं. भाड्याचं घर सोडून ते दोन खोल्यांत राहायला आले आणि वाचलेल्या भाड्यातून वर्षभरात तिसऱ्या खोलीची फरशी बसली. हॉलमध्ये अजून पुट्टी नाही. परवा गेलो होतो तर तिथल्या कच्च्या भिंतीवर नातवाने खडूने आगगाडी काढली होती, आणि गुरुजींच्या घरच्या बाई म्हणत होत्या, रंगाची एवढी घाई नाही.